आमवात आणि गरम पाण्याची कुंडं: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आमवाताचं (रुमेटॉइड आर्थ्रायटिसचं) निदान झालं की महिन्याभरात घरात तीन गोष्टी येतात. मेथोट्रेक्झेट या गोळ्यांची पट्टी, कुणीतरी गावाहून आणलेली निर्गुडीच्या तेलाची बाटली आणि "एकदा वज्रेश्वरीला जाऊन ये गं" हा सल्ला. पट्टीबद्दल डॉक्टर सांगतात, तेलाबद्दल शेजारच्या काकू. कुंडाबद्दल मात्र सगळे "जा" म्हणतात आणि तिथेच थांबतात. कधी जायचं, पाणी किती ऊन असावं, किती वेळ बसायचं, कुणी जाऊच नये, यातलं काही कुणी सांगत नाही.

मला आमवात होऊन बारा वर्षं झाली. सकाळी दुधाची पिशवी दातांनी फोडण्यापासून सुरुवात झाली होती, कारण बोटांत कात्री धरवत नव्हती. पहिल्यांदा कुंडावर गेले तेव्हा सगळं चुकीचं केलं, ते पुढे येईलच. तेव्हा मला कुणी सांगायला हवं होतं ते इथे लिहिते आहे.

आधी आजार ओळखा

आपल्याकडे गुडघा दुखला की "वात". पण वयोमानानं गुडघ्याची झीज होणं वेगळं आणि आमवात वेगळा. आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि वेळेत आवरलं नाही तर कूर्चा आणि हाड खायला लागतं. बहुधा सुरुवात बोटांच्या, मनगटाच्या आणि पायाच्या लहान सांध्यांपासून होते, तीही दोन्ही बाजूंना. सकाळी सांधे आखडतात आणि सुटायला अर्धा-पाऊण तास, कधी दोन तास लागतात. बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीनं जास्त आढळतो.

हे सांगायचं कारण असं, की ऊन पाणी झिजलेल्या गुडघ्याला ज्या बेतानं लागू पडतं, त्याच बेतानं सुजून लाल झालेल्या आमवाताच्या गुडघ्याला लागू पडत नाही. कुंडावर शेजारी बसलेल्या आजींना बरं वाटलं म्हणून तुम्हालाही वाटेल असं नाही. निदान रुमेटॉलॉजिस्टकडून (सांध्यांच्या अशा आजारांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून) पक्कं झालं नसेल, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या झाल्या नसतील, तर कुंडाचा बेत तूर्त बाजूला ठेवा.

पाणी काय करतं

गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराचं जेमतेम दहावा हिस्सा वजन पडतं, कमरेपर्यंतच्या पाण्यात सुमारे निम्मं. जिना उतरताना ओरडणारा गुडघा पाण्यात गप्प बसतो तो यामुळे. उष्णतेनं सांध्याभोवतीचे आवळलेले स्नायू सैल होतात. पाण्याचा चहूबाजूंनी दाब पडतो, त्यानं पायावरची सूज थोडी ओसरते आणि लघवीही जास्त होते. कुंडात शिरण्याआधी लघवीला जाऊन या, हे मी उगाच सांगत नाही.

पाण्यातल्या खनिजांचं काय? गंधकाचा वास आला की आपल्याला औषध सापडल्यासारखं वाटतं. अभ्यास एवढी खात्री देत नाहीत. कॉक्रेन या संस्थेनं 2015 मध्ये आमवातासाठी केलेल्या खनिजस्नानाच्या नऊ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत मिळून 579 रुग्ण होते. काही चाचण्यांत दुखणं कमी झाल्याचं दिसलं, पण चाचण्या लहान आणि कच्च्या होत्या. म्हणून खनिजस्नान दुसऱ्या उपचारांपेक्षा सरस आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. यात एक मुळातलीच अडचण आहे. गोळी साखरेची आहे की औषधाची हे रुग्णापासून लपवता येतं. आपण गरम, वासाच्या पाण्यात बसलोय की नाही, हे कसं लपवणार?

मला जास्त पटलेला अभ्यास त्याहून जुना, 1996 चा, ब्रिटनमधला. आमवाताच्या 139 रुग्णांचे चार गट केले. एक गट कोमट पाण्यात व्यायाम करायचा, दुसरा पाण्यात नुसता बसायचा, तिसरा जमिनीवर व्यायाम करायचा आणि चौथा शरीर सैल सोडायला शिकायचा. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, चार आठवडे. बरं सगळ्यांनाच वाटलं, पण सांध्यांचा दुखरेपणा सर्वांत कमी झाला तो पाण्यात व्यायाम करणाऱ्यांचा. म्हणजे कुंडात बसून गप्पा मारण्यापेक्षा हातपाय हलवलेले बरे.

आणखी एक गोष्ट मला नेहमी खटकते. स्लोव्हाकियातलं पिएश्त्यानी घ्या, इंग्लंडमधलं बाथ घ्या (तिथे 1742 पासून अशा रुग्णांचं रुग्णालय होतं) किंवा मृत समुद्राचा काठ घ्या. तिथले उपचार म्हणजे दोन-तीन आठवड्यांचा मुक्काम. रोज ठरलेल्या वेळी स्नान, मग विश्रांती, चालणं, वेळेवर जेवण. आपल्याकडे आपण पहाटे निघतो, दर्शन, कुंड, मिसळ आणि संध्याकाळी घरी येऊन पोळ्या लाटतो. दोन आठवडे कणीक मळावी लागली नाही तर कुठल्याही बाईची मनगटं सुधारतील, पाणी बोअरवेलचं असलं तरी! त्या गावांच्या यशात सुट्टीचा वाटा किती आणि खनिजांचा किती, हे वेगळं काढणं अवघडच.

तेव्हा अपेक्षा अशी ठेवा: दुखणं काही तास, काही दिवस हलकं होईल, सांधे मोकळे होतील, झोप बरी लागेल. हाडं खाणारा आजार पाण्यानं थांबत नाही. त्याला गोळ्याच लागतात.

पायरी पहिली: गोळ्यांना हात लावू नका

"औषध चालू असताना कुंड लागत नाही", हे वाक्य मला एका ओळखीच्या बाईंनी ऐकवलं होतं. मी मूर्खासारख्या तीन आठवडे गोळ्या बंद ठेवल्या. चौथ्या आठवड्यात कुंडावर गेले तेव्हा उजवा गुडघा आधीच सुजलेला होता. सर्वांत कढत कुंडात चाळीस मिनिटं बसले, कारण जास्त गरम म्हणजे जास्त गुण असं वाटलं. बाहेर येताना पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी आली. भिजलेल्या साडीचं ओझं, निसरडा दगड, धरायला काही नाही. एका अनोळखी आजीबाईंनी दंडाला धरलं म्हणून वाचले. रात्री गुडघा नारळाएवढा झाला होता.

मेथोट्रेक्झेट, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, सल्फासॅलझिन, लेफ्लुनोमाइड, यांतलं जे चालू असेल ते कुंडासाठी थांबवायचं काहीच कारण नाही. स्टेरॉइड तर एकदम बंद करणं धोक्याचं असतं. प्रवासाच्या गडबडीत आणखी एक चूक होते. मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. मुक्कामाला जाताना डबीवर वार लिहून ठेवा.

आणि कुंडाबाहेर पुड्या विकणाऱ्यांपासून चार हात लांब. लेबल नसलेल्या "वाताच्या पुडी"नं दोन दिवसांत चमत्कार झाला, तर त्यात स्टेरॉइड असण्याची दाट शंका घ्या.

पायरी दुसरी: जायचं की नाही

रुमेटॉलॉजिस्टना सरळ विचारा, "मी गरम पाण्याच्या कुंडात बसू का?" लाजू नका, त्यांना हा प्रश्न नवा नाही. खालीलपैकी काही असेल तर विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका:

- एखादा सांधा आत्ता लाल, गरम, टम्म सुजलेला आहे किंवा अंगात ताप आहे. अशा वेळी ऊन पाणी नको, थंड शेक बरा.
- हृदयाचा आजार, ताब्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपण.
- मधुमेहानं पायांची संवेदना कमी झाली आहे. पाणी भाजतंय हे पायांना कळतच नाही.
- त्वचेवर जखम, फोड, चिघळलेली भेग आहे. बऱ्याच वर्षांच्या स्टेरॉइडनं कातडी कागदासारखी पातळ झालेली असते, तिला कढत पाणी आणि खरखरीत दगड दोन्ही सोसत नाहीत.
- बायोलॉजिक इंजेक्शनं चालू आहेत. प्रतिकारशक्ती दबलेली असताना शंभर जणांनी अंघोळ केलेलं पाणी हा जुगार आहे.

मानेबद्दल वेगळं सांगते. आमवात जुना असेल तर मानेच्या सर्वांत वरच्या दोन मणक्यांमधला जोड सैल झालेला असू शकतो. मानेत कळ, हाताला मुंग्या, डोक्याच्या मागे ठणका असेल तर आधी एक्स-रे. कुंडाजवळ किंवा एखाद्या रिसॉर्टमध्ये कुणी "मान मोडून देतो" म्हणालं तर उठून चालू लागा. मानेला झटका देऊ द्यायचा नाही, कितीही नाव असलेला मालिशवाला असो.

पायरी तिसरी: जागा निवडा

कोकणाचा नकाशा काढा आणि "ऊन" शोधा. दापोलीकडचं उन्हवरे, पालीजवळचं उन्हेरे, राजापूरचं उन्हाळे. आपल्या भाषेत ऊन पाणी म्हणजे गरम पाणी, गावांची नावंच त्यावरून पडली. शिवाय संगमेश्वरजवळ मुंबई-गोवा महामार्गालगतचं तुरळ आणि राजवाडी, तानसा नदीकाठची वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, जळगावात चोपडा तालुक्यातलं उनपदेव, नांदेडमध्ये किनवटकडे उनकेश्वर. इथे ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांमधून खूप खोल जातं, तिथे तापतं आणि भेगांतूनच वर येतं.

देवस्थानाची कीर्ती बघून ठिकाण निवडू नका, पायऱ्या बघून निवडा. धरायला कठडा आहे का? पाणी वाहतं आहे की साचलेलं? गोमुखातून पडणारं किंवा सतत वाहून जाणारं पाणी साचलेल्या कुंडापेक्षा केव्हाही बरं. बायकांसाठी बंदिस्त कुंड आणि कपडे बदलायला कोरडी जागा आहे का? सुट्टीच्या दिवशी, अमावस्या-पौर्णिमेला आणि यात्रेत जाऊ नका. मंगळवार टाळा, देवीचा वार असतो. मधल्या वारी सकाळी लवकर गेलात तर पाणी स्वच्छ आणि गर्दी कमी मिळते. भर पावसाळ्यात नदीकाठची कुंडं गढूळ होतात, काही वेळा पाण्याखालीही जातात.

चार-सहा दिवस राहायचं असेल आणि खिशाला परवडत असेल, तर कुंडापेक्षा निसर्गोपचार केंद्र सोयीचं. गांधीजींनी 1946 मध्ये सुरू केलेला उरुळीकांचनचा निसर्गोपचार आश्रम पुण्याहून जवळ आहे. अशा ठिकाणी टब, कटिस्नान, वाफ असं सगळं असतं आणि पाण्याचं तापमान कुणीतरी मोजतं. दाखल होताना सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा आणि स्पष्ट सांगा, की उपवास असला तरी गोळ्या बंद करणार नाही. रिकाम्या पोटी घ्यायच्या नसलेल्या गोळ्यांचं काय करायचं, हे घरून निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

तेलाबद्दल एक गंमत. आयुर्वेदाचं नाव घेऊन सर्रास सुजलेल्या सांध्यांना तेल चोळतात. पण आयुर्वेदातच आमवाताच्या सुरुवातीच्या अवस्थेत लंघन आणि कोरडा शेक सांगितला आहे, तव्यावर तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीचा. "आम" (नीट न पचलेल्या अन्नाचा साठलेला अंश) असताना तेल नको, असं जाणते वैद्य आजही सांगतात.

पायरी चौथी: प्रत्यक्ष कुंडावर

बरोबर एक धडधाकट माणूस हवाच. पिशवीत पाण्याची बाटली, रबरी तळव्याच्या चपला, मोठा टॉवेल, सुती गाऊन किंवा पंजाबी ड्रेस. साडी नको, भिजली की पाच किलोंची होते आणि पायांत येते. अंगठ्या घरी काढून ठेवा, गरम पाण्यात बोटं थोडी फुगतात. मी लहान मुलांच्या अंघोळीचा थर्मामीटर नेते. बायका हसतात, मग हळूच विचारतात, "किती आहे हो?"

फिजिओथेरपीच्या तलावात पाणी 33 ते 36 अंश ठेवतात. नुसतं बसायचं असेल तर 38-39 अंश पुरे, 40 च्या वर जाऊ नका. आपल्या बऱ्याच कुंडांमध्ये पाणी याहून कढत असतं, काहींत पाय बुडवणंसुद्धा अशक्य. एकाच ठिकाणी तीन-चार कुंडं असतील तर सर्वांत कोमट निवडा. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून बघा, तळहाताला चुलीची सवय झालेली असते. सगळंच कढत असेल तर आत उतरू नका. बादलीत काढा, गार पाणी मिसळा, काठावर बसून हातपाय बुडवा आणि अंगावर तांब्यानं घ्या. यात कमीपणा काही नाही. मी आता बहुतेक वेळा हेच करते.

आत उतरताना घाई नको. आधी पाय, मग गुडघे, मग कंबर, प्रत्येक पायरीवर मिनिटभर. पहिल्या दिवशी एकूण दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी त्रास झाला नसेल तर पंधरा. वीसच्या पुढे मी जात नाही. बसल्या बसल्या पाण्याखाली मूठ वळा आणि उघडा, अंगठा एकेका बोटाला टेकवा, मनगट सावकाश गोल फिरवा, गुडघा सरळ करून पाच आकडे धरा. प्रत्येक हालचाल आठ-दहा वेळा, दुखेल तिथे थांबायचं.

डोकं बुडवायचं नाही आणि नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो. तो नाकावाटे मेंदूत शिरतो. फार दुर्मिळ आहे, पण झालं तर जीव वाचणं कठीण. तीर्थ म्हणून ते पाणी पिऊही नका.

बाहेर येताना आधी पायरीवर दोन मिनिटं बसा, मग उभ्या राहा. गरम पाण्यात रक्तवाहिन्या पसरतात, रक्तदाब उतरतो, माझी अंधारी त्यातलीच होती. अंग पुसा, कोरडे कपडे घाला, पाणी प्या आणि अर्धा तास आडव्या व्हा. गाडीच्या मागच्या सीटवर झालं तरी चालेल. लगेच एसी नको, गाडी चालवणं नको, देवळाच्या पायऱ्याही नकोत. दर्शन आधी उरकून घ्या.

दोन तासांनी सांधे आधीपेक्षा जास्त दुखत असतील तर जास्त झालं असं समजा. पुढच्या वेळी वेळ निम्मी करा. छातीत धडधड, दम किंवा गरगर आली तर त्या दिवसाचं स्नान तिथेच थांबवा.

पायरी पाचवी: रोजचं कुंड मोरीत

महिन्यातून एकदा वज्रेश्वरीपेक्षा रोज सकाळची बादली जास्त कामाची, हे माझं स्पष्ट मत. सकाळी आखडलेली बोटं सोडवायला घमेल्यात कोमट पाणी घ्या, मनगटापर्यंत हात बुडवा आणि वर सांगितलेले मुठीचे व्यायाम दहा मिनिटं करा. अंघोळीला पाटावर बसू नका, प्लास्टिकचं उंच स्टूल घ्या. भिंतीला एक दांडा ठोकून घ्या. गोल फिरवायच्या नळाऐवजी लांब दांडीचा नळ बसवा, कोपरानंही उघडतो. सैंधव किंवा एप्सम मीठ टाकायचं तर टाका, बिघडत काही नाही, पण त्यासाठी महागडी पाकिटं घेऊ नका.

हातांसाठी सर्वांत गुणाची गोष्ट मला कुंडावर मिळाली नाही, फिजिओथेरपिस्टकडे मिळाली: पातळ केलेलं पॅराफिन मेण. पन्नास-बावन्न अंशांच्या मेणात हात बुडवायचा, काढायचा, थर गोठला की पुन्हा बुडवायचा, असं सात-आठ वेळा. मग प्लास्टिकची पिशवी, वर टॉवेल, पंधरा-वीस मिनिटं. मेण सोलून काढताना हातमोजा निघावा तसं अखंड निघतं आणि आतली बोटं ओलसर, गुलाबी, मऊ झालेली असतात. लगेच व्यायाम केला तर मूठ पुरी वळते. मेण आणि व्यायाम मिळून आमवाताच्या हातांना तात्पुरता आराम देतात, याला अभ्यासांचाही आधार आहे. घरी गॅसवर मेण वितळवण्याचा उद्योग मात्र नको, ते भडकतं. यंत्र घ्या नाहीतर दवाखान्यात जा.

पायरी सहावी: वही

कुंडावर जाण्याआधी दोन आठवडे वहीत रोज एक ओळ लिहा: सकाळी सांधे किती मिनिटांनी सुटले, दहापैकी किती दुखलं, रात्री कितीदा जाग आली. परत आल्यावर चार आठवडे तसंच चालू ठेवा. मी लिहिलं तेव्हा कळलं, की कुंडाचा गुण मला पाच-सहा दिवस टिकतो. सकाळचा आखडलेपणा पन्नास मिनिटांवरून तीसवर येतो आणि मग हळूहळू मूळ पदावर. मेथोट्रेक्झेट वाढवल्यावर मात्र तो दहा मिनिटांवर आला आणि तिथेच राहिला. ती वही पुढच्या भेटीला डॉक्टरांपुढे ठेवा, सोबत नेहमीच्या रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्यांचे कागद. आकडे समोर असले की कुंड चालू ठेवायचं की नाही यावर दोन मिनिटांत बोलणं होतं, आणि घरच्यांना काय सांगायचं तेही ठरतं.